रस्त्यापलीकडची सरवरी

शेलूबाजार,
६ जानेवारी २०२५

चि. रामराव यास गोजराअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कान पार गेले, फोनवर तुहं बोलणं समजत नाही. म्हणून लिहून राह्यली.

दारासमोरचा रस्ता चौपदरी झाला. मधात कमरेएवढा डिवायडर. सरवरीचं घर समोर दिसते, पण जायचं तं दूरच्या चौकातून फिरून या लागते. चाळीस वर्षं आमी चार पावलात एकमेकीच्या अंगणात होतो. परवा माहं शिवलेलं झंपर द्यायले सरवरी डिवायडरवर चढली आन पडली. खुब्याचं हाड मोडलं. त्याच रस्त्यानं तिले तासाभरात अकोल्याले नेलं, हेबी खरं.

तू जलमभर रस्ते बांधले. प्रगती झाली म्हणतात सारे. ते कशाले म्हणाव, सांगशील?

लोभ आहेच, पत्र तेवढं लांब लिही.

तुही अक्का

नागपूर,
१५ जानेवारी २०२५

ती. अक्कास रामरावचा शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं.

तुझा बाळू आठवतो. आसेगावहून तापात बैलगाडीनं आणताना चिखलात चाक रुतलं, आणि तो तुझ्या मांडीवरच गेला. मी रस्त्यांच्या खात्यात गेलो तो त्यामुळे. म्हणून रस्त्याला वाईट म्हणवत नाही. पण अक्का, रस्ता आखताना आम्ही गाड्या मोजायचो. पायी ओलांडणारी माणसं कोणी मोजली नाहीत, मीही नाही.

डिवायडरमध्ये पायी ओलांडायला जागा ठेवा, असा सरवरीआपाच्या मुलाला, शाहिदला अर्ज करू दे, मजकूर सोबत आहे. काही होईलच असं या वयात खोटं कशाला सांगू?

राग असला तरी आशीर्वाद थांबवू नकोस.

तुझा रामराव

शेलूबाजार, सरवरीच्या घरून,
१ मार्च २०२५

चि. रामराव यास आशीर्वाद.

बाळूचं वाचून पत्र उशीखाली ठेवलं. तुह्यावर राग नाही.

अर्ज दिला. साहेब आले, मोजून गेले. ओलांडायची जागा नकाशात बसत नाही म्हणाले. चांगले होते बिचारे, चहा घेतला. सरवरी दवाखान्यातून घरी आली, पण खाटेवरच आहे. शाहिद आता घर बंद करून मायले कायमची अकोल्याले नेऊन राह्यला.

म्हणून मंगळवारी नात वैभवीले धरून मी चौकातून फिरून आली. तीनदा बसली, दीड घंटा लागला. सरवरी म्हणे, कायले आली एवढी? मले ऐकूच आलं नाही, वैभवीनं कानात सांगितलं. घडीभर भेटून जातो म्हटलं होतं; पण परत चालवेना. चार दिवस झाले, तिच्या खाटेशेजारीच आहो.

उद्या ते निघतीन. शाहिद मले जाता जाता माह्या दारात सोडतो म्हणे. गाडीनं दोनच मिनिटं लागतात.

तुह्या सुनबाईले सांग, अक्का बरी आहे.

तुही अक्का