युकुलेलेवरचं हिरवं स्टिकर

रहाटणी,
रविवार, दुपारी

प्रिय बिल्किस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं असशील. भोसरी ते रहाटणी अंतर ते केवढं, आणि एवढ्यासाठी ही बाई पत्र कसलं लिहितेय? त्यात तीन वर्षांचा अबोला. अबोला माझा, तुझा नव्हे, हे पहिल्याच ओळीत कबूल करते, म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल. फोन न करता पत्र का, तेही सांगणार आहे, पण शेवटी. आधी एका वाद्याची गोष्ट ऐक.

आमची विजयश्री आता आठवीत आहे. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा ती दोन वेण्या घालायची; आता केस कापलेत आणि आईला अक्कल शिकवते. दिवाळीनंतर तिला युकुलेलेचं वेड लागलं. युकुलेले म्हणजे गिटारचं धाकटं भावंड समज, चार तारांचं, नायलॉनच्या तारा, मांडीवर मांजर घेतल्यासारखं घेऊन वाजवायचं. फोनवर बघून बघून तिने एक स्वस्तातलं, शिकाऊ मुलांचं, मागवलं. ह्यांनी विचारलं, हे वाद्य आहे की खेळणं? मी म्हटलं, ते मी ठरवते. घरात कंपनीची क्वालिटी इन्स्पेक्टर असताना दुसऱ्याला विचारायचं कशाला?

मग काय, दिवाणावर पेपर अंथरला आणि ह्यांच्या टूलरूमच्या पेटीतून स्टीलपट्टी, जाडी मोजायचा व्हर्नियर, सगळं काढलं. मान डोळ्याच्या रेषेत धरून पाहिली, सरळ होती. खाली तारा जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा कुठे उचलला गेलाय का ते पाहायला त्याच्या कडेने कागद सरकवून बघितला, नाही सरकला. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांची टोकं बोटाला लागतात का पाहिलं. दोन लागत होती, ती पॉलिश पेपरने घासली. तारा पिळायच्या खुंट्या जरा सैल होत्या, स्क्रू आवळले. लाकूड म्हणजे प्लायवूडच, पण त्या किमतीत तू सागवान मागणार का? आणि एक मोठा दोष सापडला. वाजवताना हनुवटीकडे येते ती तार शेजारच्या तारेपेक्षा बारीक होती. जाड तार कडेला, मग उतरत उतरत बारीक, असं साधं असताना यांनी चक्क अदलाबदल केलेली. राँग असेंब्ली. विजू शाळेत गेलेली, तेवढ्यात मी दोन्ही तारा सोडवून माझ्या मते जागच्या जागी बसवल्या. ती आली, वाजवायला बसली आणि डोक्याला हात लावला. युकुलेलेच्या तारा तशाच असतात म्हणे, जगभर. दोन दिवस पोरीने माझी टर उडवली. तू असतीस तर तिच्या बाजूने हसली असतीस.

तारा पुन्हा बदलल्या आणि मग शेवटची तपासणी केली, आवाजाची. इथे मी मोजपट्टी खाली ठेवली. मानेवरच्या त्या धातूच्या पट्ट्या एका उंचीच्या आहेत का, हे मी मोजलंच नाही. म्हटलं, ते कान सांगतील. तुला माहीतच आहे माझा तोरा. आपल्या महाळुंग्याच्या कंपनीत साउंड रूममध्ये बसून, गाडीच्या एसीचा पंखा फिरवणारी मोटार कानाशी धरून, ती घरघरतेय की नीट फिरतेय हे सांगणारी मी. नऊ वर्षं माझ्या कानावर माल बाहेर गेला. अख्खी लाइन मला 'कानवाली' म्हणायची आणि मला ते मंगळसूत्रापेक्षा जास्त मिरवायला आवडायचं. तर त्या कानाने मी प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर दाबून ऐकली. स्वच्छ. पिशवीत कंपनीतली स्टिकरं पडलेलीच होती. लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळं म्हणजे होल्ड, पुन्हा तपासायचं, आणि हिरवं म्हणजे ओके. युकुलेलेच्या पाठीवर मी हिरवं चिकटवलं आणि विजूच्या हातात दिलं.

चार दिवसांनी ती म्हणाली, आई, एका जागी दाबलं की माशी गुणगुणल्यासारखं होतंय. मी ऐकलं. कसली माशी? मी म्हटलं, तुझं बोट नीट बसत नाही, जोर लाव. ती जोर लावत राहिली. रोज शाळेतून आली की तासभर त्याच एका जागी. आठवड्याने पुन्हा म्हणाली, मी पुन्हा तेच सांगितलं, आणि वर ऐकवलंही की वस्तू ओके आहे, हिरवं स्टिकर उगाच नाही लावलं. पंधरा दिवसांनी तिला जेवायला वाढताना बोटांकडे लक्ष गेलं. डाव्या हाताची दोन बोटं टोकाला सुजून लाल झालेली, घास ती उजव्या हाताने खात होती आणि तो डावा हात मांडीखाली लपवत होती. जेवण झाल्यावर मी तिला वाजवायला लावलं आणि पुढ्यात बसले. ती वाजवायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. तिसऱ्यांदा वाजवून तिने हळूच विचारलं, "आई, तुला ही माशी खरंच ऐकू येत नाही का?"

बिल्किस, तू असतीस तर तुझ्याकडेच बघितलं असतं मी त्या क्षणी. कारण हेच तू मला तीन वर्षांपूर्वी, कॅन्टीनच्या मागच्या नळावर डबे धुताना सांगितलं होतंस. तुझे शब्द माझ्या डोक्यात जसेच्या तसे आहेत. "दीपे, कान तपासून घे गं. मी येते सोबत." एवढंच बोलली होतीस तू. आणि मी काय बोलले? माझी खुर्ची पाहिजे म्हणून माझ्या कानात खोट काढतेस, असं बोलले. आजूबाजूच्या दहा बायकांना ऐकू जाईल असं ओरडून बोलले. साउंड रूममध्ये खुर्ची होती, पंखा होता, बाहेरच्या गोंगाटातून सुटका होती, आणि तू पॅकिंगला दिवसभर उभी असायचीस, म्हणून मला ते सुचलं. तू डबा पुसलास आणि निघून गेलीस. दोन महिन्यांनी नोकरीही सोडलीस, तुमच्या घरच्या, अन्वरभाईंच्या गॅरेजचं काम बघायला. मी म्हटलं, बघा, खरं बोलल्यावर झोंबलं.

विजूच्या प्रश्नानंतर मी काय केलं सांगू? युकुलेलेच्या पाठीवर, त्या हिरव्या स्टिकरवरच, तळहात ठेवला आणि तिला वाजव म्हटलं. आणि हाताला लागलं, बिल्किस. सगळे सूर हाताला एकसारखे लागत होते, तो एकच सूर थरथरत, मुंग्या आल्यासारखा. माशी होती. पोरीचं बोट बरोबर होतं, वस्तू चुकीची होती, आणि मी तिला पंधरा दिवस चुकीचं ठरवलं. मग आखूड स्टीलपट्टी तीन-तीन पट्ट्यांवर आडवी ठेवत गेले. एका जागी ती पाय आखूड असलेल्या स्टुलासारखी डुगडुगली. मधली पट्टी केसभर उंच होती. ह्यांनी कानशीने घासून दिली, दहा मिनिटांचं काम. विजूने वाजवून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. मला मात्र आधी आणि नंतर सारखंच ऐकू आलं.

त्या तळहाताने मला तुझी आठवण करून दिली. तू पॅकिंगला असताना प्रत्येक मोटार खोक्यात घालण्याआधी हातात धरून फिरवायचीस आणि वर तळहात ठेवायचीस. मी तुला चिडवायचे, लेकरू थोपटतेस का म्हणून. तू नुसती हसायचीस. कधीमधी एखादी मोटार बाजूच्या ट्रॉलीवर ठेवायचीस, रिपेअरला, आणि कारण विचारलं तर म्हणायचीस, खरचटलीय. सोमवारी मी आपल्या लाइन लीडर ओंकारकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. दरवर्षी कान तपासायची गाडी येते त्यात मी कशी पास होते तेही सांगितलं. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं, आणि काचेतून त्या तपासणाऱ्या मुलीचा हात दिसतो. तो हलला की मी बटण दाबायचे. मला वाटलं, हाकलतील. ओंकारने तक्रारींची वही उघडली. मग म्हणाला की घरघरीच्या तक्रारी तीन वर्षांपासून वाढल्यात, मशीन बदललं, बेअरिंगवाला बदलला, कारण काही सापडेना. "बिल्किसताई गेल्या तेव्हापासूनच," तो म्हणाला.

म्हणजे माझ्या कानातून सुटलेल्या मोटारी तू हाताने पकडत होतीस. किती दिवस? वर्षभर? दोन वर्षं? कुणाला नाव सांगितलं नाहीस, माझं नाव खराब होऊ दिलं नाहीस, आणि तुझ्याने निभेना तेव्हा मला एकटीला, नळावर, हळू आवाजात सांगितलंस. त्याची परतफेड मी कशी केली ते तुला माहीत आहे. साउंड रूममध्ये यायच्या आधी प्रेस शॉपला, पत्रे ठोकणाऱ्या मशीनच्या दणदणाटात, सहा वर्षं काढली, कानात कापूस घालून, तेव्हाच कान गेले असणार हळूहळू. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. लाज वाटावी असं मी नळावर बोलले, ते होतं. माफ कर मला. आणि माफीपेक्षा मोठं म्हणजे, तुझे फार उपकार आहेत माझ्यावर, आणि ते उपकार आहेत हेसुद्धा मला तीन वर्षं कळू नये असे तू ते केलेस.

तुला माझी खुर्ची हवीय असं मी म्हटलं होतं ना? आता गंमत बघ. पुढची तपासणी होईपर्यंत ओंकारने मला साउंड रूममधून काढून पॅकिंगला दिलंय. तुझ्याच टेबलाशी, तुझ्याच जागी. दिवसभर उभी असते आणि प्रत्येक मोटारीवर तळहात ठेवते. परवा दोन पकडल्या. नव्या मुली मला विचारतात, काकू, थोपटताय का?

आता फोनचं सांगते. त्या भांडणानंतर तू मला चारदा फोन केलास. दोनदा ईदला, एकदा विजूच्या वाढदिवसाला, एकदा सहजच. मी दोनदा उचलून कापला आणि दोनदा उचललाच नाही. तुला वाटलं असेल, अजून राग आहे. बिल्किस, राग पहिल्या ईदलाच संपला होता. मी फोन कानाला लावला, तुझा आवाज ओळखला, आणि तू काय म्हणतेस त्यातला एक शब्द मला कळला नाही. नुसता गुणगुणाट. 'काय, काय?' असं विचारलं असतं तर तुझंच खरं ठरलं असतं, म्हणून कापला. ते मी स्वतःलाही आजवर रागच म्हणून सांगत आले. आज तुला खरं लिहितेय, आणि पत्रातच लिहिता येतंय. शनिवारी दुपारी चार वाजता कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय, पिंपरीला. ह्यांची सेकंड शिफ्ट आहे. विजू येते म्हणाली, पण मी तिला नाही म्हटलं. माझ्यासोबत कुणी यायचं ते तीन वर्षांपूर्वी नळावर ठरलं होतं. ते बोलणं अजून लागू असेल तर तीन वाजता घरी ये. फोन करू नकोस, मला कळणार नाही. दारात उभी राहा आणि माझ्या तोंडासमोर बोल, काय बोलायचं ते. शिव्या असल्या तरी चालतील. विजूने युकुलेलेवरचं हिरवं स्टिकर काढू दिलं नाही, म्हणते आता ते खरं झालंय. म्हणून एक पिवळं मी माझ्यासाठी घेतलं आणि खाली सहीशेजारी चिकटवलंय.

तुझीच, पुन्हा तपासायची राहिलेली,
दीपे