लाल ठिपक्याचं फूल

आसुन्सिओन, मंगळवार

आई,

हात जोडून आशीर्वाद मागते. तो आधी दे आणि मग पुढे वाच, कारण पुढे तू चिडणार आहेस.

मी ठीक आहे. जेवण अळणी असतं, पण पोटभर मिळतं. गुरुवारी माझ्या हृदयाची गळकी झडप शिवतील. माझ्या प्लेटलेट जन्मापासूनच कुचकामी, म्हणून आधी दुसऱ्यांच्या चढवणार आहेत. डॉक्टर बोगादोंना विचारलं, "टाके किती?" म्हणाले, "वीसेक." म्हटलं, "आमच्या इटाउगुआत जाळीच्या फुलाच्या एका पाकळीत एवढे घालतात. नीट घाला."

आता चिडायचं ते ऐक. मी जाळी विणतेय. शेजारच्या खाटेवरच्या सिक्स्ताबाईंनी चौकट, सुई, दोरा दिला. घरात सगळ्या विणायच्या, आणि मला तू कधी सुईला हात लावू दिला नाहीस, रक्त थांबत नाही म्हणून. इथे दिवसातून चारदा सुया टोचतात. मग एक माझ्या हातची का नको?

काल टोचलीच. वीस मिनिटं बोट दाबून बसले, तेव्हा रक्त थांबलं. सिक्स्ताबाई म्हणाल्या, "थुंकी लाव, डाग जाईल. डागाची जाळी कोण घेणार?" मी नाही लावली.

बाबांचा खोकला कसा आहे? धाकटी एलिदा माझ्या कुंड्यांना पाणी घालते ना?

बसवाल्याच्या हाती मी विणलेलं पेरूचं फूल पाठवतेय. गुरुवारच्या आत पुरं करायचंच होतं. मधोमध लाल ठिपका आहे, तो धुऊ नकोस. पाहुण्यांना दिसेल असं टेबलावर ठेव. कुणी विणलं विचारलं, तर माझं नाव सांग.

तुझी,
निमिया