वीतभर, हातभर, पुरुषभर

४ फेब्रुवारी १९३९. निपाणीजवळ, मळ्यात
तंबाखू निघाला, शेत मोकळं. आण्णानं शेजाऱ्यांचे बैल मागून लोखंडी नांगर ठरवलाय. सगळं रान खोल उलथणार. "वरची माती दमलीया, सुमे. खालची कोरी हाय, ती वर आणायची."
कोरी म्हणजे चांगली कशावरून?
"तू शाळेत शास्त्र शिकिवतीस न्हवं? सांग की मग!"
थोरला भाऊ असला म्हणून काय, चिडवायला कमी नाही. पण नव्या विहिरीचा खड्डा पुरुषभर खोल गेलाय, कड सरळ कापलेली. वर काळी, खाली पिवळसर. बघताक्षणी सुचलं, कुठल्या थरात किती सूक्ष्म जीव ते वाढवून बघायचं! कड ताजी खरवडून तीन डब्यांत माती घेतली: वीतभर, हातभर, पुरुषभर. चमचा दर वेळी उकळून.
आण्णा पंधरा दिवस थांबायला तयार. पुढे बैल परत द्यायचेत.

६ फेब्रु. अनगोळ, घरी
बटाट्याचं पाणी, साखर, ते थिजवायला चायना ग्रास. काचेच्या बशा आईच्या मोदकपात्रात वाफवल्या. आई दारात उभी. "मातीसाठी माझं मोदकपात्र? पुन्हा देवाला चालायचं न्हाय ते."
प्रत्येक खोलीच्या दोन बशा, पाण्यात कालवलेली चिमूटभर माती घालून. एक बशी नुसतीच, माती न घालता. झाकून फडताळात.

९ फेब्रु.
वीतभरची बशी गच्च! पांढरे, हिरवे, खडूसारखे ठिपके, एकमेकांवर चढलेले. झाकण जरा उचललं तर नांगरलेल्या रानाचा वास. म्हणजे तो वास ह्यांचा?! शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धागे, धाग्यांना मणी. वर्गाची घंटा ऐकूच आली नाही. मोठ्या बाई रागावल्या, मग त्यांनीही डोळा लावला आणि बराच वेळ सोडीनात.
हातभर: तुरळक. पुरुषभर: दोन्ही बशा कोऱ्या.

१० फेब्रु.
आण्णाला पत्र टाकलं. खाली जिवंत काही नाही, खोल नांगरू नकोस. फार बरं वाटलं लिहिताना. त्याला काही सांगता आलं, पहिल्यांदाच.

१७ फेब्रु.
आज अकराव्या दिवशी पुरुषभरच्या बशीत नारिंगी ठिपके. बारीक, मोहरीहून लहान. वरच्या बशांत असलं एकही नाही!
आधी वाटलं, माझाच हात लागला असेल. नुसती बशी पाहिली, स्वच्छ. जोडीची पाहिली, तिच्यातही तेच! स्वयंपाकघरात नाचले. आई म्हणाली, येड लागलं.
मग पत्र आठवलं.
उद्या निपाणी. सकाळची मोटार.

१८ फेब्रु. मळ्यात
बशी मांडीवर धरून आले. आण्णाला सगळं सांगितलं.
"मग मेलंय म्हणून लिवलंस ते?"
घाई केली, म्हटलं.
"गावात सांगून बसलोय मी. भैन म्हंती खोल नांगरू नगं. माणसं हसली, तरी ऐकलं तुझं."
आण्णानंच हात पुढे केला. बशी उन्हाकडं धरली, माझं भिंग लावलं. मग हळूच,
"काय खात्यात गं हे, इतक्या खाली?"
माहीत नाही.
"वर आणले तर जगतील?"
तेही नाही माहीत.
"आणि वरचे खाली गाडले तर?"
हे मला का सुचलं नव्हतं! वर्गात असा प्रश्न आजवर कुणी विचारला नाही.
बैल उद्या संध्याकाळी जायचेत. आण्णा म्हणाला, "अर्धं रान नांगरू. अर्धं तसंच. हसणाऱ्यांस्नी हसू दे."

१९ फेब्रु.
नांगर विहिरीइतका खोल जात नाही, पण जवळजवळ हातभर. शेताच्या मधोमध रेघ, अलीकडं काळं, पलीकडं पिवळं. आण्णा नांगरामागं, मी डबे घेऊन त्याच्यामागं. पायात ढेकळं, हसू आवरेना.

७ मार्च. अनगोळ
दोन्हीकडची वरची माती गेल्या महिनाअखेरीला बशांत घातली. आज आठवा दिवस. काळ्याकडच्या गच्च, नेहमीसारख्या. पिवळ्याकडच्यांत चार ठिपके, पांढरे. नारिंगी नाही. मेले की नुसते उशिरा येतात, कळत नाही.
आण्णा परवा बाजाराचं निमित्त करून आलाय. फडताळासमोर पाट मांडून बसतो. परत कधी जाणार, आईनं विचारलं.
"अकरावा दिस बघितल्याबिगर न्हाय."