दिवाळीपर्यंत हेलिकॉप्टर

११ ऑगस्ट १९९६, रविवार

उडालं! चार सेकंद. मग गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांत कोसळलं. एक पातं तुटलं, शेपटी वाकली. सांडगे शाबूत आहेत, पण शेजारच्या गच्चीवर.

भाचा संतोषकुमार सिंगापूरहून घेऊन आला होता. "मामा, कारखाना सुटला, आता छंद धरा." दोन हात लांब हेलिकॉप्टर, खरं इंजिन, खरं इंधन, आणि हातात धरायला रिमोटची पेटी. माहितीपुस्तक अख्खं जपानीत. मी चित्रं बघून जोडलं. एकतीस वर्षं पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काढली, मला अक्षरं कशाला लागतात!

इंदिरा वर आली. हेलिकॉप्टरकडे बघितलंसुद्धा नाही. "सांडगे गोळा करा," म्हणाली. मग जिन्यावरून, "आणि हे खूळ किती दिवस?"

प्रश्न रास्त आहे. मार्चअखेर निवृत्त झालो. तेव्हापासून हार्मोनियम — सतरा दिवस. मासे — मासे होते तोवर. बोन्सायला पाणी घालून घालून मीच मारलं. मधल्या रिकाम्या आठवड्यात स्वयंपाकघरातले डबे व्यासाप्रमाणे लावून ठेवले. दुसऱ्या दिवशी कॉफीत साखरेच्या जागी रवा पडला.

१४ ऑगस्ट, बुधवार

आमचे मालक शेषगिरी स्वतः घरी आले! फळांची टोपली घेऊन. माझ्या जागी घेतलेला माणूस पळाला म्हणे. "बरबेकु शामण्णा, बरबेकु!" — यायलाच पाहिजे. दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवतो, मग दुसरा बघतो.

मला जायचं नाही. सकाळी साडेसहाची बस नको, भोंगा नको. पण इंदिरेचा चेहरा बघितला. मालकांना तिने दुसऱ्यांदा कॉफी दिली. दुसऱ्यांदा! ते गेल्यावर म्हणाली, "जा की हो. घरात बसून स्वल्प वेड्यासारखं करताय तुम्ही."

मी म्हटलं, मला छंद आहे आता. ती हसली. शेवटी तह झाला. दिवाळीपर्यंत हेलिकॉप्टरचा नाद टिकला तर मी घरी. त्याआधी कंटाळलो तर पीण्या. ती म्हणाली, "सरी, ठरलं. तुमचे नव्याचे नऊ दिवस मला ठाऊक आहेत."

लागलं मनाला. तिला मी घरात नकोच आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

गच्ची बंद. आता यशवंतपूरच्या पुढचं मोकळं मैदान. बरोबर शेजारचे हयवदन. पोस्टातून निवृत्त. हेलिकॉप्टर आयुष्यात जवळून बघितलेलं नाही, त्यामुळे सल्ला भरपूर. घडीची खुर्ची आणतात आणि उंटावरून शेळ्या हाकतात. "डावीकडे घ्या शामण्णा! नाही, त्याच्या डावीकडे!"

तिथेच तर मेख आहे. त्याचं तोंड पलीकडे असलं की उजवं ते उजवं. तोंड माझ्याकडे वळलं की उजवं ते डावं. मी स्वतःच वळलो, खुर्चीला अडखळलो, पडलो. हेलिकॉप्टर हयवदनांच्या डब्यावर पडलं. चित्रान्नाचा पिवळा भात मैदानभर.

इंधनात एरंडेल असतं. त्या धुराने हयवदनांना लहानपणीचा दर रविवार आठवला आणि ते घाईघाईने घरी गेले.

२६ ऑगस्ट, सोमवार

पाती संपली. सिंगापूरहून मागवायला महिना लागेल. मी स्वतः करणार! लाकूड आणलं, एकाच फळीतून दोन पाती कापली, तासली, घासली. मायक्रोमीटरने तपासली. लांबी, रुंदी, जाडी, शंभराव्या भागापर्यंत सारखी. देवानेही आपले दोन हात इतके सारखे केलेले नाहीत.

३ सप्टेंबर, मंगळवार

थरथरतं. पाती फिरायला लागली की सगळं हेलिकॉप्टर हिवताप आल्यासारखं थरथरतं. वर जातं, भेलकांडतं, पडतं. दांडा सरळ आहे — मोजला. बेअरिंग ठीक — मोजलं. पाती सारखी — पुन्हा मोजली. मग हा ताप कुठला?

माहितीपुस्तकात पात्यांच्या पानावर एक तराजूचं चित्र आहे. कंपनीची खूण असावी.

९ सप्टेंबर, सोमवार

पडलं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

पडलं. शेपटीचा बारीक स्क्रू हरवला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

स्क्रू सापडला. उप्पिटात. इंदिरेच्या दाताखाली. जास्त लिहीत नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

हिशेब काढला. दीड महिन्यात एकूण उड्डाण — एक मिनिट बावन्न सेकंद. एकूण दुरुस्ती — एकशे चाळीस तासांच्या वर. हयवदन म्हणाले, "याला छंद म्हणत नाहीत, याला नोकरी म्हणतात." म्हणू देत! मी सकाळी उठतो ते काहीतरी डोक्यात घेऊन. वाकलेला दांडा सरळ करतो, घासतो, बसवतो. आंघोळीला तीन हाका माराव्या लागतात. डब्यांना हात लावलेला नाही. इंदिरा ओट्याशी तांदूळ निवडताना गुणगुणते, आणि मी जेवणाच्या टेबलावर दातेरी चाकं पुसत असतो. एकतीस वर्षं मी साडेसहाला घराबाहेर पडायचो. ही गुणगुणते हे मला माहीतच नव्हतं.

लोक विचारतात, या खेळण्यात मन किती दिवस रमणार? मी म्हणतो, थरथर जाईपर्यंत तरी नक्की.

२० ऑक्टोबर, रविवार

आयुधपूजा. सकाळपासून इंदिरा ताट घेऊन घरभर. मिक्सरला कुंकू, शिवणयंत्राला कुंकू, कात्री, विळी, माझा मायक्रोमीटर, स्कूटर — सगळ्यांना झेंडूची माळ. मग हेलिकॉप्टर! मला वाटलं वगळेल. नाही. "आयुध आहे ना? तुमचंच आहे ना?" तेलात कालवलेल्या कुंकवाचा भला थोरला गोळा पात्याच्या टोकाला, त्यावर अक्षता. दुसरं पातं भिंतीकडे होतं, तिथे तिचा हात पोचला नाही.

आज हत्यार चालवायचं नाही, त्यामुळे नुसता बघत बसलो. छान दिसत होतं, खरं सांगायचं तर.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

मैदान. हयवदनांनी लिंबू आणलेलं. पूजेनंतर गाडी पहिल्यांदा निघताना चाकाखाली लिंबू चिरडतात, तसं हेलिकॉप्टरलाही हवं म्हणे. याला चाकं कुठली! "मग वरून लिंबावर उतरवा." मी म्हटलं, अहो, हे मैदानावर उतरत नाही, लिंबावर कुठून उतरेल?

सुरू केलं. पाती फिरली. थरथर — नाही!

पुन्हा बघितलं. नाही. वर गेलं. डोक्याइतकं, झाडाइतकं, आणि तिथे उभं राहिलं. खिळा ठोकल्यासारखं उभं! टाकी संपेपर्यंत अकरा मिनिटं. मी ओरडलो, हयवदन ओरडले, गुरं पळाली. खाली उतरलं ते लिंबाच्या दहा हात अलीकडे. पाती थांबल्यावर हयवदनांनी काठीने लिंबू ढकलत आणून हेलिकॉप्टरच्या पायाच्या दांडीखाली सारलं आणि वरून दाबलं. शास्त्र झालं.

घरी येऊन इंदिरेला सांगितलं. तिने हात जोडले — देवाला, मला नव्हे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवस झोप नाही. पूजेने थरथर जाते, हे मी पीण्यात कुणाला सांगू? पाती काढली आणि कोपऱ्यावरच्या आप्पाजी सोनारांकडे गेलो. दोन्ही पाती त्यांच्या तराजूत. बरोब्बर सारखी! मग डोक्यात उजेड पडला. कुंकवासकट सारखी. म्हणजे कुंकवाआधी एक हलकं होतं.

लाकूड म्हणजे पोलाद नव्हे! पोलादाचे दोन तुकडे मापाने सारखे की वजनाने सारखेच. लाकडात इकडे गाठ, तिकडे भुसभुशीत. मी मोज मोज मोजलं, पण जोखलं एकदाही नाही. आणि ते तराजूचं चित्र! शाळेतल्या पोरालाही समजलं असतं. जी तूट मला दोन महिने सापडली नाही ती इंदिरेने चिमटीतल्या कुंकवाने भरून काढली.

आप्पाजी पोट धरून हसले. कुणाला सांगू नका म्हटलं. "छे छे, शामण्णा," म्हणाले.

२७ ऑक्टोबर, रविवार

उडालं. अकरा मिनिटं. उतरलं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

उडालं. उतरलं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

तेच. गोल फिरवलं. उलटं गोल फिरवलं. हयवदन हल्ली पेपर आणतात. वर बघतही नाहीत.

३ नोव्हेंबर, रविवार

इंदिरा पहिल्यांदाच मैदानावर आली, थर्मासमधून कॉफी घेऊन. हेलिकॉप्टर वर होतं आणि मी जांभई दिली. मोठी. तिने बघितली.

"कंटाळलात?"

"छे! धुरामुळे."

तिने कॉफी ओतली. परत जाताना दोनदा वळून बघितलं — हेलिकॉप्टरकडे नाही, माझ्याकडे.

६ नोव्हेंबर, बुधवार

इथे तरी खरं लिहितो. कंटाळलो. जे उत्तम चालतं त्याचं करायचं काय? दुरुस्त करायला काही नाही, मोजायला नाही, शोधायला नाही. उडणारं हेलिकॉप्टर म्हणजे आवाज करणारी चिमणी. आज सकाळी पुन्हा डब्यांपाशी उभा होतो. या वेळी उंचीप्रमाणे.

मुद्दाम पाडावं? प्रयत्न केला. सगळं आयुष्य चालतं ठेवण्यात गेलं, हात धजत नाही. पात्यावरचं कुंकू ओल्या फडक्याने पुसावं? फडकं हातात घेतलं आणि अंगावर काटा आला. तिने पूजा करून लावलेलं. मरेन पण पुसणार नाही.

म्हणजे तह मी हरलो. पुन्हा बस, पुन्हा भोंगा. त्याचंही एवढं नाही. मला हे घर सोडून जायचं नाही. सकाळी आठला खिडकीतून येणारं ऊन, तांदूळ निवडताना तिचं ते गुणगुणणं. पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा मी माझ्या बायकोच्या घरात राहतोय. आणि तिला मी बाहेर हवा आहे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

ठरलं. उद्या सकाळी शेवटचं उडवायचं आणि घरी येऊन शेषगिरींना फोन — येतो म्हणून.

९ नोव्हेंबर, शनिवार, दुपार

पडलं! सुरू केलं आणि काय थरथर! पहिल्यापेक्षा वाईट. दोन पुरुष उंच गेलं, भेलकांडलं, आणि दगडावर. दोन्ही पाती फुटली, दांडा वाकला, शेपटी तीन ठिकाणी. हयवदनांच्या हातातून पेपर उडाला.

तुकडे गोळा केले. दुसऱ्या पात्याच्या तुकड्यावर कुंकू. ताजं. पहिल्यापेक्षा मोठा गोळा, वर अक्षता.

तसाच घरी आलो. इंदिरा करंज्या तळत होती. तुकडा पुढे धरला. मान वर न करता म्हणाली, "एकालाच लावलेलं ते बरं दिसेना. दुसऱ्यालाही लावलं."

मी म्हटलं, अगं, त्याने वजनाचा — आणि थांबलो. तिला कुठलं माहीत असणार वजनाचं! सांगून उपयोग काय. दुपारभर दांडा बघत बसलो. वाईट वाकलाय. पण निघेल. दोन्हीकडून थोडं थोडं तापवून, सावकाश. शेपटी नवीच करावी लागेल. नवी पाती या वेळी जोखून...

फोन करायचा राहिला. संध्याकाळी करतो.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ

फोन लावला. शेषगिरी चकित. "अहो शामण्णा, इंदिराअक्का परवाच फोनवर म्हणाल्या, तुम्ही येणार नाही. मी दुसरा माणूस घेतला."

परवा! म्हणजे पडायच्या दोन दिवस आधी. स्वयंपाकघरात गेलो. वजनाचं तुला माहीत होतं? विचारलं. इंदिरा म्हणाली, सोमवारी जोडवी उजळायला आप्पाजींकडे गेली होती, त्यांनी तराजूची सगळी गोष्ट हसत हसत सांगितली. मग करंजीची कड दुमडत विचारलं, "नवी पाती करायला किती दिवस लागतील?"

"महिनाभर."

"सावकाश करा," म्हणाली. "टेबलावरच करा. इथे."