थकवा मोजणारा कागद

३ डिसेंबर
सकाळी साडेपाचला ग्राउंड. धुकं इतकं की पलीकडचा खांब दिसेना. खो-खोच्या चौकात बसल्या बसल्या डोळा लागला. येरमाळ्याचं आमचं रान, मी हरभऱ्यात आडवी, अंगावर ऊन, कुणी ऊठ म्हणत नाही... पाठीवर पल्लवीची थाप, "खो!" उठले, पळाले, समोरची बाद. सर म्हणाले, "डोळे मिटून बी पळती ही!" सगळ्या हसल्या. मीही.

५ डिसेंबर
विद्यापीठातून एक मॅडम आल्या. खेळाडू मुलींचा थकवा मोजणार म्हणे. पायांचा नाही, मनाचा. एकेक वाक्य, पुढं चौकटी, 'कधीच नाही' पासून 'नेहमी' पर्यंत. 'खेळाची पूर्वीसारखी ओढ वाटत नाही.' हे ह्यांना कुणी सांगितलं? नाव नको, मनातला कुठलाही नंबर टाका म्हणाल्या. आम्ही शहाण्या! बाराही जणींनी जर्सीचा नंबर टाकला. कागद गोळा करायला सर. मग काय, सगळीकडं 'कधीच नाही'.

६ डिसें.
आईचा फोन. "येडाईला नवस बोललेय. राज्याच्या टीममधी तुझं नाव आलं की चालत तिच्या डोंगरावर जाणार हाय म्या."
तिचे गुडघे जिना चढू देत नाहीत. आई, मला थोडं थांबायचंय, एवढं ओठांवर आलं होतं. "जेवलीस का?" विचारलं आणि फोन ठेवला.

९ डिसें.
मॅडमना पाठवायच्या आधी सरांनी कागद चाळले. खूश. "पोरी ताज्यातवान्या हायत. दुपारचा बी सराव घेऊ." पल्लवी कॅप्टन, ती म्हणाली, "व्हय सर." खोटं लिहिलं आम्हीच, आता भोगा. पल्लवी माझी रूममेट. तिचं बघूनच मी खो-खोत आले. ती कधी दमत नाही.

११ डिसें.
दुपारी खो मिळाला आणि मी उठलेच नाही. ऐकू आला होता. पण लांबच्या रानातून कुणी दुसऱ्याच कुणाला हाक मारावी तसा. ऊन छान होतं. मातीचा वास.
"अगं ए, झोपलीस काय?" मागून कुणीतरी ओरडलं.
झोपले असते तर बरं. सरांनी स्वतः लिंबू सरबत आणून दिलं, डोक्यावर हात ठेवला. सर वाईट असते तर सोपं गेलं असतं.

१४ डिसें.
मॅडम पुन्हा. सारखेच बारा कागद बघून त्यांना शंका आली. या वेळी सरांना बाहेर बसवलं, नंबरही नको म्हणाल्या. पेन बराच वेळ नुसता धरून बसले. मग 'नेहमी'. पुढंही 'नेहमी'. कागदावर एक थेंब पडला, ओढणीनं टिपला. लई हलकं वाटलं. दुपारभर तरंगत होते.

१५ डिसें.
मॅडम म्हणाल्या, तीन कागद वेगळे आहेत. कुणाचे ते विचारणार नाही. उद्या चारला लायब्ररीत एकटीच बसेन, वाटलं तर या. सरांना कळणार नाही. रविवारी निवड.
तीन! मला वाटलं, मी एकटीच. सरावात एकेकीचं तोंड बघत राहिले. सगळ्या पळत होत्या.
संध्याकाळी पल्लवी माझी वेणी घालत होती.
"तू काय लिहिलंस गं?" तिनं विचारलं.
"कधीच न्हाय. तू?"
"म्या बी तेच."
तिचे हात केसांत तसेच थांबले. मी मागं वळून बघितलं नाही. मग तिनं वेणी सोडली आणि पहिल्यापासून घालायला घेतली.