दहाची बस

२९ मार्च, सकाळी ७.१०
बायको काल हॉस्पिटलवर गेली. नर्स आहे. एकवीस दिवस तिकडेच क्वार्टरमध्ये राहायचं, घरी यायचं नाही, असा हुकूम. जाताना दारातून म्हणाली, की मुलं फारच कंटाळली, तुला आवरेनाशी झाली, तर मोकळेपणाने सांग. माझी बहीण परवाना काढून त्यांना घेऊन जाईल, असंही म्हणाली. तिच्याकडे अंगण आहे.
मी हसलो. मी बस डेपोत वेळापत्रकं करतो, लॉकडाऊनमुळे सध्या घरी. एकशे बारा बस, रोज नऊशे फेऱ्या. तिथे दोन मुलं म्हणजे किस झाड की पत्ती. मुलं कुठेही जाणार नाहीत. इथेच राहतील आणि आनंदात राहतील. लिहून ठेवतोय, म्हणजे पुरावा राहील.
मुलगी आठ वर्षांची, तिला घरात सगळेच ताई म्हणतात. मुलगा चारचा. तोंडाने सतत घुर्र चालू असतं म्हणून इंजिन.

७.५५
वेळापत्रक तयार. पंधरा-पंधरा मिनिटांचे अठ्ठेचाळीस तुकडे. चित्रकला, व्यायाम, सामान्य ज्ञान, हास्य. भिंतीवर चिकटवलं.

८.४०
प्रवासी अजून झोपलेले आहेत. पहिली फेरी रद्द.

३० मार्च
व्यायाम. आधी मी उड्या मारून दाखवल्या. अकराव्या उडीला खालच्या मजल्यावरच्या काकांनी त्यांच्या छताला काठी ठोकली. काका रिटायर्ड मास्तर, त्यामुळे ठोकण्यात शिस्त आहे. दोनदा ठोकतात, थांबतात, परत दोनदा. मुलं सोफ्यावर बसून बिस्किटं खात होती. इंजिनने टाळ्या वाजवल्या. उपक्रम यशस्वी.
कंबर धरली आहे. मुलांमुळे माणसाला काय काय करावं लागतं.

१ एप्रिल
आज डोक्यातून सोनं निघालं. जेवणाच्या सहा खुर्च्या एकामागे एक लावल्या. बस! सुटण्याची वेळ १०.००. ड्रायव्हर मी. ताई कंडक्टर, इंजिन प्रवासी. इंजिनला गाडी चालवायची होती. त्याला लायसन्सचे नियम समजावून सांगितले. रडला. लहान आहे, समजेल.
तिसऱ्या थांब्याजवळ ताई म्हणाली, बाबा, शू. मी म्हटलं, शेवटचा थांबा अकरा मिनिटांवर आहे. ती उतरलीच. मागोमाग इंजिनही उतरला, त्याला तर शूसुद्धा नव्हती. हल्लीच्या मुलांना कशात म्हणून रस टिकत नाही.
मी फेरी पूर्ण केली. अर्धवट फेरी सोडायची नसते. १०.४० ला ताईने पाण्याचा पेला आणून दिला आणि विचारलं, की बाबा, तुम्ही अजून किती वेळ आहात?

२ एप्रिल, संध्याकाळी
सातला हिचा फोन. रोज सातला येतो. ताई फोन घेऊन बाल्कनीत जाते, दार लोटून घेते. आतून कान देऊन ऐकलं. मजेत आहोत, म्हणाली. शब्दशः. बाकीचं हळू आवाजात होतं.

४ एप्रिल
मुलं अस्वस्थ आहेत. एका जागी बसवत नाही त्यांना. मी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरत त्यांच्यावर लक्ष ठेवून असतो, म्हणून कळतं. दोघं टेबलाखाली चादर लावून चार तास बसली होती. ही अस्वस्थताच.
बाहेरच्या हवेची गरज आहे. बिल्डिंगच्या सेक्रेटरी बाईंनी (दातांच्या डॉक्टर, दवाखाना बंद, त्यामुळे सगळा जोर बिल्डिंगवर) गच्ची उघडायची ठरवली आहे. एका वेळी एकच बिऱ्हाड. मी आपणहून फोन करून म्हटलं, वेळापत्रक माझ्याकडे लागलं.

५ एप्रिल
दिवसभर गच्चीचं काम. जिन्यात दोन बिऱ्हाडं समोरासमोर येता कामा नयेत, म्हणून मधे सात-सात मिनिटं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे हिशेबात धरले. लोक म्हणतील लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय. भाजतोय. कोणीतरी भाजायलाच हव्यात.
दहाची बस आज काढता आली नाही. ताईने दोनदा येऊन विचारलं, की आज बस नाही का? मी म्हटलं, काम चालू आहे. मुलं खट्टू झाली असणार. चादरीखालून हसण्याचा आवाज येत होता.

६ एप्रिल
वेळापत्रक जिन्यात लागलं. डॉक्टर बाईंचा फोन. फार सुंदर झालंय, सगळी सातही बिऱ्हाडं खूश आहेत.
बिल्डिंगमध्ये आठ बिऱ्हाडं आहेत.

११.३०
पुन्हा मोजलं. आमचं राहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पण यात माझी चूक अशी नाही. वेळापत्रक करणारा माणूस स्वतःला प्रवाशांत धरत नसतो. वीस वर्षांची सवय आहे. आता बदलताही येत नाही, लागलेलं वेळापत्रक दुसऱ्या दिवशी बदललं की लोकांचा विश्वास उडतो. मुलांना खिडकीतून आभाळ दाखवलं. पंधरा मिनिटं.

७ एप्रिल, संध्याकाळी ५.२०
मुलं घरात नाहीत. टेबलाखाली नाहीत. बाथरूममध्ये नाहीत.

५.५०
सापडली. अक्षर वाकडं येतंय. गच्चीवर होती, खालच्या काकांबरोबर, त्यांच्या वेळेत. ज्या काठीने छत ठोकतात त्याच काठीने काका लांबूनच जमिनीवर गोल दाखवत होते आणि ही दोघं खडूने ते गिरवत होती. काका म्हणाले, मुलीने रीतसर येऊन विचारलं, काका, आम्ही तुमच्या वेळेत येऊ का. मी एकटा माणूस, मला कशाला हवी एवढी गच्ची? तुम्हीही येत चला, चेहरा उतरलाय तुमचा.
म्हटलं, माझी वेळ लागलेली नाही. दारातच उभा राहिलो, जिन्याच्या बाजूला. वारा येत होता. बरं वाटलं. पण नियम म्हणजे नियम.

१० एप्रिल, ७.०४
फोन नाही.

७.११
फोन नाही. हॉस्पिटलचा नंबर लागत नाही.

७.२०
मुलं घाबरली आहेत. मी त्यांना सांगितलं, की घाबरण्यासारखं काही नाही. हे आठ-दहा वेळा सांगितलं.

७.३५
ताईने खुर्च्या लावल्या आणि म्हणाली, बाबा, जादा बस सोडा ना. मी म्हटलं, या वेळेला फेरी नसते. ती म्हणाली, सोडा, आम्ही दोघं बसलोय बघा. मुलांचं मन रमवणं माझं कर्तव्य आहे. सोडली.

८.३०
८.२५ ला फोन आला. तिची ड्यूटी लांबली होती, बाकी काही नाही. थकली होती. मी म्हटलं, आम्हाला काही विशेष वाटलं नाही. ताईने माझ्या हातून फोन घेतला आणि म्हणाली, आई, बाबांनी आज एकोणीस थांबे घेतले.
पन्नास मिनिटं एकही प्रवासी उतरला नाही. इंजिन झोपला, पण झोपला तोही सीटवर.

१४ एप्रिल
मेहुणीचा फोन. परवाना मिळाला. गुरुवारी सकाळी गाडी घेऊन येते, मुलांच्या बॅगा भरून ठेवा. हिची ड्यूटी अजून दोन आठवडे वाढली आहे, म्हणाली. ताई म्हणते, हे तिने मला आधीच सांगितलं होतं. पण ऐकायचं राहिलं असावं.
मी म्हटलं, माझी काही हरकत नाही. मला उलट विश्रांती मिळेल. फोन ठेवल्यावर घरात फिरून आलो. टेबलाखालच्या चादरीत दोन उशा, खडू, अर्धं बिस्किट. हे सगळं आवरलेलं घर कसं दिसेल ते नजरेसमोर आणलं. नको वाटलं.
निर्णय मुलांवर सोडला. मोठ्या मनाने. ताईने चित्रातून डोकं वर न काढता सांगितलं, आम्ही नाही जात. मावशीकडे अंगण आहे, असंही मी सांगून पाहिलं. नाही, म्हणाली.
हातच्या कांकणाला आरसा कशाला? सतरा दिवसांच्या काटेकोर नियोजनाचं हे फळ. हिला उद्या सांगणार, की बघ, मुलांना माझ्याशिवाय करमत नाही.

१५ एप्रिल, सकाळी ९.१५
इंजिनने माझं पेन पळवलं म्हणून चादरीखाली शोधत होतो. ताईची वही सापडली. मागच्या पानावर पट्टीने आखलेलं वेळापत्रक. तिच्या अक्षरात. जसंच्या तसं उतरवून घेतो.

८ – बाबा भिंतीवरचा कागद वाचणार. ऐकायचं.
१० – बाबांची बस. तीन थांबे बसायचं. मग शू सांगायचं.
११ – बाबांना जरा एकटं सोडायचं. इंजिनने घुर्र करायचं नाही.
३ – बाबांना डेपोबद्दल काहीतरी विचारायचं. खूप वेळ सांगतात.
५.१५ – काकांबरोबर गच्ची. बाबांना बोलवायचं. येत नाहीत तरी रोज बोलवायचं.
७ – आईला बाबांचं सांगायचं.
आणि खाली लाल खडूने – मावशीकडे जायचं नाही. मग बाबांना खेळायला कोणीच नाही.

९.४०
वाचून लाज वाटली. नंतर रडू आलं. इंजिनने बघितलं आणि आपलं अर्धं बिस्किट दिलं. खाल्लं.

९.५०
वेळापत्रक पुन्हा तपासलं. कसलेल्या माणसाने केल्यासारखं आहे. फक्त एक दोष आहे. सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत सगळ्यांना वेळ दिली आहे, तिची स्वतःची एक ओळ नाही. माझ्यावर गेली आहे.
वही होती तशी ठेवली. मेहुणीला येऊ नको म्हणून कळवलं. भिंतीवरचा कागद काढला.

१५ एप्रिल, १०.२५
दहाची बस वेळेवर सुटली. ड्रायव्हर इंजिन, लायसन्स नसताना. ताईला म्हटलं, आज तुला सुट्टी, तू चादरीखाली जाऊन वाच. ती दोनदा मागे वळून बघत गेली. मी तिसऱ्या खुर्चीवर, प्रवासी. चौथ्या थांब्यापाशी मला चहाला उतरायचं होतं. ड्रायव्हर म्हणाला, अर्धवट फेरी सोडायची नसते.
बसून आहे.