ओल्या खोक्यांची जाळी

सोमवार, ४ मार्च

पाठीचा पार भुगा झालाय! आज गोदामात दोन हजारांच्या वर खोकी. सरकत्या पट्ट्यावरून उचला, स्कॅनरच्या बंदुकीने कोड टिपा, ज्याच्या त्याच्या लोखंडी पिंजऱ्यात टाका. टाका म्हणजे फेकाच. लोकांना वाटतं आम्ही त्यांची खोकी मांडीवर घेऊन थोपटतो! 'जपून हाताळा' लिहिलेलं तर सगळ्यात जास्त उडतं, कारण त्याचा पिंजरा सगळ्यात लांब.

एक तपकिरी खोकं चेपलेल्या कोपऱ्यातून पाझरत होतं. पट्ट्यावर माझ्या शेजारी असते ती काकू ओरडली, "ओलं! ओलं! हात नको लावूस!" मागे असल्याच खोक्यातल्या ॲसिडने एकीचे हात भाजले होते, तेव्हापासून गळकं खोकं थेट कोपऱ्यातल्या जाळीच्या खोलीत. तीन दिवस कुलूपबंद, मग तपासनीस बघणार. भिंतीवर कागद आहे खरा – 'आधी चारी बाजू पाहा, औषध असल्यास वेगळे ठेवा'. तो लावणारा कधी पट्ट्यापाशी उभा राहिलाय का? पट्टा जरा थांबला की मुकादमाची शिट्टी. म्हणून त्याचं नावच शिट्टी. आजही वाजवलीन. ढकललं जाळीत, वहीत सही ठोकली, परत पट्ट्यावर.

मंगळवार, ५ मार्च

चप्पल काढते न काढते तोच ताई – "चिमणीचं इंजेक्शन आलं का गं तुमच्याकडे?"

नऊ वर्षांची भाची आणि गुडघे म्हातारीचे. महिन्यातून दोनदा टोचावं लागतं, आणि ते थंडच राहायला हवं. उद्यापर्यंत टोचलं नाही तर गुडघे सुजतील. मागे एकदा चुकलं तर पोर दोन आठवडे भिंत धरून चालत होती.

ताईच्या मोबाइलवर दिसतंय, 'केंद्रात पोहोचले, आज निघेल'. म्हणजे आमच्याच गोदामात! ताईचा जीव भांड्यात पडला. माझा नाही. ते वाक्य यंत्र रोज आपोआप लिहितं, हे मला माहीत आहे ना.

बुधवार, ६ मार्च

दिवसभर डोळे पांढऱ्या डब्यावर. दर वेळी पांढऱ्या थर्मोकोलच्या डब्यात येतं. चार पांढरे डबे दिसले. एकही आपला नाही.

शेवटी शिट्टीला विचारलं. "स्वतःचं पार्सल शोधायचं नाही. तू शोधलंस की उद्या सगळ्या शोधत बसतील. फोन कर ना, ग्राहकांसाठी नंबर आहे की!"

केला. जेवणाच्या सुट्टीत, गोदामाच्या पायरीवर बसून. वीस पावलांवर ते पडलेलं असणार, आणि मी कुठल्या तरी लांबच्या बाईला विचारतेय! ती गोड आवाजात म्हणाली, "काळजी करू नका मॅडम, तुमचं पार्सल सुरक्षित हातांत आहे."

हसू की रडू, कळेना.

गुरुवार, ७ मार्च

चिमणी आज जिना उतरली नाही. शाळा बुडाली.

शुक्रवार, ८ मार्च

तपासनीस काल यायचा, तो आज उगवला. जाळी उघडली. वहीवर सह्या ज्यांच्या, त्यांनी खोकी काढून द्यायची.

ते तपकिरी खोकं आता सुकलं होतं. मी ते उलटं केलं.

ताईचं नाव. आमचा पत्ता. बाजूला हाताएवढा 'औषध' लिहिलेला कागद!

आत तोच पांढरा डबा, कोपऱ्यात फुटलेला. या वेळी वरून खोकं घातलं होतं, बाकी काही नाही. बर्फाच्या पिशव्यांचं नुसतं कोमट पाणी. मी म्हटलं, "फ्रीजमध्ये ठेवलं तर?" तपासनीस म्हणाला, "बाई, गेलं ते." आणि कचऱ्यात टाकलं. वहीत सोमवारच्या खाली माझी सही, चांगली ऐसपैस, शेपटी काढलेली.

औषधाची कंपनी नवीन पाठवणार. तीन आठवडे लागतील.

शनिवार, ९ मार्च

घरी सांगितलं, वाटेत खराब झालं. एवढंच.

ताई रडली, मग भडकली. "ज्या कुणी अडकवून ठेवलं त्याचे हात झडोत! सोडणार नाही मी. तक्रार ठोकते आजच."

मी म्हटलं, "हो गं."

काय म्हणणार दुसरं? चिमणीचे गुडघे लाल, गरम. न्हाणीपर्यंत मीच उचलून नेते. म्हणते कशी, "आई हळू उचलते तरी दुखतं. तू उचललंस की दुखत नाही, मावशी."

सोमवार, ११ मार्च

शिट्टीने ऑफिसात बोलावलं. पुढ्यात वही, भिंतीवरचा तो कागद काढून आणलेला. "उलटं करून बघायचं असतं, माहीत नव्हतं?" मी म्हटलं, "मग शिट्टी का वाजवलीत?" त्याने वही मिटली. म्हणाला, वरून आलंय, माझ्या हातात काही नाही. दहा वाजता ओळखपत्र काढून घेतलं.

ताईने दार उघडलं. चेहरा किती दिवसांनी खुललेला!

"आज लवकर? बरं झालं, चिमणीला उचल जरा. आणि हे ऐक, माझ्या तक्रारीचं उत्तर आलं. काढलं त्या मेल्याला!"

मी चिमणीला उचललं.